मॅच चारला, बाकी सगळं तिच्या हिशोबानं

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय संदीप,

तुझा मेसेज मिळाला. "दोन दिवस येतोय, फुटबॉल दाखव, खायला घाल, गाव फिरव" एवढ्या एका ओळीत सगळं माझ्या गळ्यात टाकून मोकळा झालास, लेका! फोनवर सांगायला घेतलं तर तू मध्येच ऑफिसचा कॉल घेणार, म्हणून लिहूनच पाठवतोय. गाडीत वाच.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं ये. रात्री मुंबईत झोपायचं, सकाळी कोल्हापुरात उतरायचं. स्टेशनवर काहीही खाऊ नकोस. मी न्यायला येतोय, आणि तिथून आपण थेट मिसळ खायला जाणार.

आधी फुटबॉलचं सांगतो, कारण बाकीचा सगळा बेत त्याभोवती बसवलाय. तू रात्र जागून ज्यांच्या मॅच बघतोस त्यातले बरेच क्लब शहरांच्या नावाचे असतात. इथं संघांची नावं तालमींची. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. शिवाय आमचं शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी. जिथं पोरं लाल मातीत कुस्ती खेळायची, त्याच तालमीनं पुढं फुटबॉलचा संघ काढला, आणि गणपतीही तिचाच बसतो. त्यामुळे मैदानात अकराजण उतरतात ते नुसते खेळाडू नसतात, अख्खी गल्ली उतरलेली असते. स्ट्रायकरची आजी कुठल्या घरात राहते हे गॅलरीतल्या निम्म्या लोकांना माहीत असतं. बाहेरचे खेळाडूही येतात, अगदी आफ्रिकेतले सुद्धा. महिनाभरात त्यांनाही पेठेच्या शिव्या येतात.

मॅच शाहू स्टेडियमवर. लीग केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची. पावसाळा सरला की वेध लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत लीग, मग वेगवेगळे चषक असं चालू राहतं. मॅच दुपारच्याच असतात, आपली चारची आहे. पाटाकडील विरुद्ध शिवाजी. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ म्हण हवं तर. यापेक्षा मोठी मॅच या गावात नाही आणि या विषयावर माझ्याशी वाद घालायचा नाही.

आता अटी. कुठं बसायचं ते मी ठरवणार, कारण गॅलरीत कुठली बाजू कुणाची हे ठरलेलं असतं. साधा पांढरा नाहीतर राखाडी शर्ट घाल. तुझी ती बार्सिलोनाची जर्सी बॅगेतच राहू दे, ती घालून आलास तर दोन्हीकडचे तुझी उडवतील. समोरच्यांनी गोल मारला आणि तो कितीही देखणा असला तरी टाळी वाजवायची नाही. खुन्नस कधीकधी खेळापुरती राहत नाही, म्हणून पोलीस बंदोबस्त असतो. वातावरण तापलं तर मी उठलो की तूही उठायचं, "अजून पाच मिनिटं" करत बसायचं नाही. टोपी आण, गॅलरीत दुपारचं ऊन थेट डोक्यावर येतं. शेंगदाणे-फुटाणे तिथंच मिळतात, पाण्याची बाटली बाहेरच पोटात रिचवलेली बरी.

आणि खेळाकडे बघ, नुसत्या गर्दीकडे नको. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्ड कप झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तेव्हापासून इथल्या आयाबाया पोराच्या बुटांसाठी स्वतःहून पैसे काढायला लागल्यात. वर्ल्ड कपच्या वर्षी आला असतास तर गल्लोगल्ली ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे आणि चौकात इमारतीएवढे मेस्सी-रोनाल्डो दिसले असते.

आता खाण्याचं. मिसळ सकाळचीच. फडतरे, बावडा, चोरगे, खासबाग ही नावं तू ऐकलेली असशील. प्रत्येक कोल्हापूरकराची एक ठरलेली असते आणि बाकीच्या त्याच्या मते बिघडलेल्या असतात. माझी कुठली ते आल्यावर कळेल. पण पद्धत समजून घे. ताटलीत आधी मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर. मग त्यावर कट, म्हणजे पातळ तिखट रस्सा ओततात, तर्रीचा लालभडक थर वर तरंगतो. सोबत पाव नाही, ब्रेडचे जाड स्लाइस. स्लाइस कटात पूर्ण बुडवायचा नाही, कडेनं टेकवून उचलायचा, नाहीतर हातात नुसता लगदा येतो. कट संपला की मागायचा, लाजायचं नाही. रंग बघून घाबरू नकोस, तो बराचसा ब्याडगी मिरचीचा असतो. तुमच्याकडे हॉटेलात "व्हेज कोल्हापुरी" नावाचं जे जाळ काढणारं मिळतं, ते आमच्या कुणाच्या घरी शिजत नाही.

मॅचच्या दिवशी दुपारी जड जेवायचं नाही. हे मी काळजीपोटी सांगतोय. मटणाचं ताट हाणून गॅलरीत बसलास तर हाफटाइमपर्यंत डुलक्या काढशील. तांबडा-पांढरा रात्रीसाठी राखून ठेव. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू आणि खडा मसाला. लाल तिखटाचा कणही नाही. तो वाटीनं प्यायचा, गरम असताना, भाकरीला हात लावायच्या आधी. तांबड्यात कांदा-लसूण चटणी असते, तो भाकरी कुस्करून खायचा. दोन्ही पुन्हा पुन्हा वाढतात. "बास" म्हणताना हात वाटीवर आडवा धर, नुसतं तोंडानं म्हटलेलं इथं कुणी ऐकत नाही.

वहिनी येणार असतील तर त्यांची अजिबात काळजी करू नकोस. अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी, बाजूला खर्डा आणि दही. पहिल्या घासानंतर त्या तुझ्या ताटाकडे बघणारही नाहीत.

मॅच सुटली की गंगावेशीला दूध कट्ट्यावर. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन येतात आणि तुझ्यासमोर धार काढून पेला हातात देतात. वर बोटभर फेस, दूध अजून कोमट. काहींना नुसत्या वासानं नको होतं, तुला झेपेल असं वाटतं. पैलवानांच्या गावात ही सवय कुठून आली हे वेगळं सांगायला नको. दुधावर गोड हवंच असेल तर खाऊगल्लीत कॉकटेल आइस्क्रीम मिळतं. मी कधी हौसेनं खाल्लेलं नाही, पण पाहुण्यांना आवडतं.

फिरण्याचं आटोपशीर ठेवलंय. पहिल्या दिवशी मिसळ झाली की अंबाबाई. आपण शुक्रवार टाळलाय, त्यामुळे रांग आवाक्यात असेल. देवळातून भवानी मंडप, मग चालत खासबाग. शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले होते, तिथं रोमचं कलोसियम बघून त्यांनी हे कुस्तीचं मैदान बांधायचं मनावर घेतलं, 1912 ला ते उभं राहिलं. मधे आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक, कुठंही बस, समोरच्याचं डोकं आड येत नाही. स्टेडियमवर जायच्या आधी मी तुला इथं मुद्दाम नेणार आहे. फुटबॉलला येणारा आमचा प्रेक्षक मुळात इथं तयार झाला. डावपेच कळणारा, दाद देणारा, तितकाच तोंडाळ. शेजारीच केशवराव भोसले नाट्यगृह. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याला आग लागली त्या रात्री गावात कुणी जेवलं नसेल.

न्यू पॅलेस वेळ उरला तर. काळ्या दगडाची 1884 सालची इमारत बाहेरून फार सुंदर आहे. आतल्या पेंढा भरलेल्या वाघांसमोर मात्र मी फार वेळ थांबू शकत नाही. रंकाळा रात्री जेवण झाल्यावर, शतपावलीला. शिवाजी जिंकली तर मात्र शतपावली विसर, पेठेतून गुलाल आणि दुचाक्यांतून वाट काढत घर गाठलं तरी मिळवलं.

दुसऱ्या दिवशी पन्हाळा. वीसेक किलोमीटर, एसटी आहे, वडाप म्हणजे शेअर जीपही मिळते, पण मी गाडी काढतो. सकाळी लवकर निघू. तीन दरवाजा, अंधारबाव, धान्याची कोठारं म्हणजे अंबारखाना, सज्जा कोठी. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून 1660 च्या पावसाळ्यात शिवाजी महाराज ज्या बाजूनं विशाळगडाकडे निघाले, तिकडे तोंड करून थोडा वेळ उभा राहा, मग बाजीप्रभूंच्या पुतळ्याकडे जाऊ. 2025 मध्ये हा गड युनेस्कोच्या यादीत गेला, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी गाड्या लावायचे वांधे होतात. वर झुणका-भाकरी खायचीच. चुलीवरची भाकरी, मिरचीचा ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि छोट्या मडक्यातलं दही. वाटेत जोतिबा करू. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला आला असतास तर त्या रस्त्याला मी गाडी घातलीच नसती.

खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर या खेपेला जमणार नाही, लांब आहे, आणि तासाभरात उरकायची ती जागा नाही. तेवढ्यासाठी वेगळा ये.

न्यायच्या वस्तूंत गूळ घे, आणि कांदा-लसूण चटणी आई घरचीच बांधून देणार आहे. चप्पल मात्र दुकानात आयत्या वेळी घेऊ नको. माझ्या ओळखीचे एकजण कापशी करून देतात, चामड्याची, चालताना करकर वाजणारी. त्यांना आठवडाभर आधी सांगावं लागतं. तेव्हा कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं कड आख आणि फोटो पाठव, दोन्ही पायांचा. सोबत वहिनी येणार का नाही तेही कळव, म्हणजे तिकिटं दोन काढायची की तीन ते ठरवतो.

तुझा,
अवधूत