थानप्पाने दाबून ठेवलेली तार

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा रात्री इथे ठाण्यात धो धो पाऊस होता. लेकाला जवळ घेऊन मोबाईलवर ‘मालगुडी डेज’ लावलं. ते ‘ता ना ना ना’ सुरू झालं आणि मी थेट वरच्या वाडीतल्या माडीवर जाऊन बसले. १९८६-८७ सालची ती माडी. अख्ख्या वाडीत एकच टीव्ही, पडद्यावर मुंग्या, आणि कौलांवर चढून ॲन्टिना फिरवणारा दादा: “आलं काय? आता आलं काय?”

मला तर मालगुडी म्हणजे आपल्या शेजारचं मालगुंडच वाटायचं. केशवसुत तिथे जन्मले हे बाईंनी शाळेत शिकवलं होतं. एवढ्या मोठ्या कवीच्या गावावर मालिका निघाली यात मला काहीच नवल वाटलं नव्हतं. शंकर नाग यांनी ती कर्नाटकात, आगुंब्याला चित्रित केली हे कितीतरी वर्षांनी कळलं. पण ते लाकडी खांब, ती ओटी, पागोळ्या गळणारी कौलं आणि वडिलांच्या धाकाने कोपऱ्यात गप्प बसलेला मालिकेतला तो लहानगा स्वामी, यातलं परकं काय होतं? पाऊससुद्धा आपलाच होता.

बाबा, तुम्ही मात्र एकाच भागाने अस्वस्थ झालात. पोस्टमन थानप्पाचा भाग. रामानुजमच्या मुलीचं लग्न ठरलेलं, मुहूर्त टळला तर पुन्हा जुळणं कठीण. तेवढ्यात काका अत्यवस्थ असल्याचं कार्ड येतं, पाठोपाठ ते गेल्याची तार येते. थानप्पा दोन्ही दाबून ठेवतो आणि लग्न पार पडल्यावर नेऊन देतो. रामानुजम तक्रार करत नाही, पण त्याचा चेहरा उतरतो.

घरी येईपर्यंत तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. पडवीत कंदील ठेवलात आणि म्हणालात, “पोस्टमन असं करणार नाही. टीव्हीवाल्यांनी घुसडलं असणार.” तुमचा पोस्टमनचा खाकी सदरा खुंटीला टांगलेला होता, मला अजून दिसतो.

पुढच्याच रजेला तुम्ही एसटीने रत्नागिरीला गेलात आणि नगर वाचनालयातून, ज्यांच्या गोष्टींवर ती मालिका होती त्या आर. के. नारायण यांचं पुस्तक घेऊन आलात. १८२८ पासून चालत आलेलं ते वाचनालय. त्याच्या पुठ्ठ्याच्या बांधणीचा वास मला पहिल्यांदा त्या दिवशी आला. पुस्तक इंग्रजी. तुमचं इंग्रजी पत्त्यांपुरतं. तरी रोज रात्री शब्दकोश मांडीवर घेऊन तुम्ही एकेक ओळ मराठीत सांगायचात आणि आई आठळ्या सोलता सोलता ऐकायची. गोष्ट चार-पाच पानांची, तुम्हाला आठवडा लागला. शेवटी कळलं की टीव्हीवाल्यांनी काही घुसडलं नव्हतं.

“बरं केलंन त्याने,” आई म्हणाली. “पोरीचं लग्न मोडलं असतं म्हणजे?”

“टपाल आपलं नसतं गो,” एवढंच तुम्ही म्हणालात.

त्या रात्री मला झोप आली नाही. दोघंही बरोबर कसे, हे मला कळेना. म्हणून सकाळी पुस्तक उचललं आणि शब्दकोशही. मला वाचायला लागा असं तुम्ही कधीच म्हणाला नाहीत. तुम्ही कंदिलाजवळ अडखळत वाचत होतात, मी ते बघत होते. मग वाचनालयातलं तुमचं कार्ड हळूहळू माझंच झालं आणि तुम्ही दर खेपेला न कुरकुरता माझी पुस्तकं बदलून आणलीत, टपालाच्या पिशवीइतकीच जपून. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर म्हणता, तर तोवर वाचू नका. गणपतीला येते तेव्हा ते पुस्तक आणते. लेक वाचून दाखवील. त्याचं इंग्रजी चांगलं आहे, मराठीत सांगताना अडखळेल, तेव्हा तुम्ही सांभाळून घ्या.

आणि बाबा, तेव्हा विचारायचा धीर झाला नव्हता. तुमच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत अशी एखादी तार आलीच असेल ना, लग्नघराची? तेव्हा तुम्ही काय केलंत? फोनवर नको, कार्डावर लिहून पाठवा. तुम्हाला लिहायला त्रास होत असेल तर आईच्या हातून लिहवा. तिला माहीत असणारच.

तुमची,
बेबी