मित्रास पत्र: चाराचे तीन

वाकड, पुणे
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मन्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "आवाज का असा येतोय?" आणि मी झोपेचं कारण सांगून वेळ मारून नेली. फोनवर बोललो असतो तर सारवासारवच केली असती, म्हणून लिहितोय.

गेल्या महिन्यात आमचं अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन, झालं. एप्रिल ते मार्च असं वर्ष धरतात. आधी प्रत्येकाने सेल्फ अप्रेझल भरायचं, मग माझ्यासारख्या टीम लीडने पाचपैकी रेटिंग द्यायचं, आणि शेवटी सगळे लीड आणि मॅनेजर एका खोलीत बसून ती रेटिंगं 'नॉर्मलाइझ' करतात, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत बसवतात. खरा निकाल त्या खोलीत लागतो. ज्याचा लागतो तो तिथे नसतो. त्याच्या बाजूने बोलणारं कुणी असलं तर तो तरतो, नाहीतर नाही.

आम्ही सातजण होतो. भिंतीवरच्या स्क्रीनवर एक्सेल शीट, त्यात ६२ नावं. चार किंवा त्याहून वरचं रेटिंग जास्तीत जास्त नऊ जणांना देता येणार होतं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून अकराजणांना दिलेलं. त्यामुळे दोघांना खाली आणायचं होतं. पहिलं नाव लगेच ठरलं. दुसऱ्यावर गाडी अडली, कारण दोघांतून एकाला निवडायचं होतं.

त्यातली एक माझ्या टीममधली मुलगी. बाळंतपणाची रजा संपवून सप्टेंबरच्या मध्याला परत आली. २६ आठवड्यांची रजा, २०१७ पासून कायद्यानेच मिळते. आल्या आल्या तिच्या गळ्यात कुणालाच नको असलेलं काम पडलं. रोज रात्री पैशांचे व्यवहार जुळवणारा एक जुना बॅच जॉब आहे. तो पाच-पाच तास चालायचा, आठवड्यातून दोनदा तरी मध्येच पडायचा, आणि पहाटे तीनला कुणाचा तरी फोन वाजायचा. दोन महिने ती तो कोड वाचत बसली. एकच टेबल दर व्यवहाराला नव्याने वाचलं जात होतं, ते तिने शोधून काढलं. आता तोच जॉब चाळीस मिनिटांत संपतो, आणि जानेवारीपासून आमच्यापैकी एकाचाही फोन रात्री वाजलेला नाही. मन्या, न वाजलेला फोन कुठल्या स्लाइडवर दाखवायचा सांग.

दुसरा, डिलिव्हरी मॅनेजरच्या खास मर्जीतला मुलगा. तो वाईट नाही, हे मुद्दाम लिहितो. हुशार आहे, बोलका आहे, क्लायंटसमोर उत्तम बोलतो. पण त्याच्या मॉड्यूलचं रिलीज वर्षात दोनदा मागे घ्यावं लागलं. तो आणि मॅनेजर एकाच गाडीने येतात. वाकडच्या पुलापासून हिंजवडी फेज थ्रीपर्यंत सकाळी तासभर कुठे जात नाही, आणि त्या तासात त्याच्या कामातली प्रत्येक अडचण मॅनेजरच्या कानावर पडते. रिलीज का मागे घेतलं, याची कारणं मॅनेजरने त्या खोलीत तोंडपाठ सांगितली. तिच्या कामाबद्दल त्याला एक ओळसुद्धा माहीत नव्हती. पक्षपात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुणीतरी कपटी माणूस येतो. इथे कुणाच्या मनात तिच्याविषयी आकस नव्हता. एकाची गोष्ट ऐकलेली होती, दुसरीची नव्हती, एवढंच. पण पगारवाढ तिची गेली.

"ही अर्धंच वर्ष होती ना?" मॅनेजरने विचारलं. मी म्हणालो, "हो, पण..." आणि तिथेच थांबलो. माझं स्वतःचं रेटिंग अजून त्याच माणसाच्या हातून व्हायचं होतं. मी थांबलो त्याचं दुसरं काही कारण नाही. तिच्या नावापुढच्या चौकोनात चाराचे तीन झाले, हिरव्याचा पिवळा झाला, आणि कुणीतरी चहा मागवला. सगळं मिळून अर्धं मिनिट. रजा कायद्याने दिली आणि तिची किंमत आम्ही त्या अर्ध्या मिनिटात वसूल केली.

त्यानंतर मी जे केलं ते जास्त डाचतंय. तीन दिले की तीनला शोभेल असं कारण सिस्टीममध्ये लिहावं लागतं. तिच्या कामाबद्दल मी आधी लिहिलेला परिच्छेद पुसून टाकला आणि टाइप केलं, "व्हिजिबिलिटी वाढवण्याची गरज आहे. ओनरशिप अधिक अपेक्षित." ओनरशिप! तान्हं बाळ घरी ठेवून जिने ते घोंगडं गळ्यात घेतलं तिला!

वन-टू-वनला, म्हणजे रेटिंगबद्दल दोघांनीच बसून बोलायच्या वेळी, ती वही घेऊन आली. पेनचं टोपण काढून ठेवलं आणि विचारलं, "सर, मी काय केलं असतं तर चार मिळाले असते? तेवढं सांगा, पुढच्या वर्षी करते." मी दहा मिनिटं बोललो. तिने एक अक्षर लिहून घेतलं नाही. मग टोपण लावलं आणि "थँक यू सर" म्हणून गेली.

हा बेल कर्व्ह, म्हणजे थोडे वर, बहुतेक मध्ये, थोडे खाली असा रेटिंगचा ठरलेला साचा, आला कुठून, ते तुला सांगायलाच हवं. जॅक वेल्च १९८१ ते २००१ जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे प्रमुख होते. वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा अशी माणसांची विभागणी त्यांनी रूढ केली. मायक्रोसॉफ्टने अशीच पद्धत वर्षानुवर्षं चालवली आणि २०१३ मध्ये बंद केली. ॲडोबीने तर २०१२ मध्येच वार्षिक रिव्ह्यू मोडीत काढले. आम्ही मात्र ६२ माणसांवर तो कर्व्ह बसवतोय. पुष्कळ माणसांची उंची मोजली तर आलेख घंटेसारखा येतो, कबूल. पण चार-चार मुलाखती घेऊन निवडलेल्या मूठभर माणसांचं काम त्याच आकारात का बसावं? मर्यादा नसली तर प्रत्येक लीड आपल्या सगळ्या माणसांना चार देऊन मोकळा होतो, हेही मला दिसतं, मीही दिले असते. वाढीचा पैसा ठरलेला असतो, तो वाटायचा असतो. मग तसं स्पष्ट सांगावं ना, की पैसा नऊजणांपुरताच होता. तिच्यात खोट काढायची काय गरज?

आणि इथे तुझी आठवण झाली. कराडला होस्टेलवर असल्यापासून मी तुला म्हणत आलो की सरकारी नोकरीत साहेबाची मर्जी चालते, खासगीत कामाला किंमत असते. ते शब्द मी मागे घेतो. जलसंपदा खात्यात तुझ्या गोपनीय अहवालाची भानगड झाली तेव्हा तू मला देव दत्त खटल्याबद्दल सांगितलं होतंस. तेव्हा मी अर्धवट ऐकलं होतं, या आठवड्यात निकाल नीट वाचला. सीमा रस्ते खात्यातला इंजिनिअर, बढतीसाठी पाच वर्षं 'अति उत्तम' शेरा हवा, आणि १९९३-९४ च्या अहवालात नुसता 'चांगला'. तो शेरा त्याला कळवलाच नव्हता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बढती अडवणारा 'चांगला' हा त्याच्या दृष्टीने प्रतिकूलच, आणि शेरा कोणताही असो, तो माणसाला कळवला पाहिजे, त्यावर त्याला म्हणणं मांडता आलं पाहिजे. तोवर तो निवृत्तही झाला होता. आमच्या खासगी कंपनीला हा निकाल बांधत नाही. आमच्याकडे शेरा कळवतात, पण कळवतात तो मागाहून रचलेला.

शुक्रवारी मी एचआरला मेल पाठवला, मॅनेजरला कॉपीत ठेवून. माझं मूळ रेटिंग चार होतं, कामाचे हे आकडे, खाली आणण्याचं कारण म्हणून रजेचा उल्लेख झाला, आणि सिस्टीममधल्या त्या दोन ओळी मी नंतर लिहिल्या, त्या खऱ्या नाहीत. सगळं नीट मांडलं. पाठवण्याआधी तिला बोलावून वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे त्या खोलीत का नाही बोललात?" मी म्हणालो, "घाबरलो." ती म्हणाली, "पाठवा."

मॅनेजर अजून काही बोललेला नाही. माझ्या रेटिंगचं काय होईल ते होवो. सुमतीला सांगितलंय, तिला धक्का बसला, पण मेल मागे घे असं म्हणाली नाही.

आता तुझ्याकडे एक काम आहे. तिला अपील करायला पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत आहे, आणि ती लिहायला बसली की रागाने भलतंच लिहिते. तू तुझ्या शेऱ्याविरुद्ध अर्ज केला होतास, तो मुद्देसूद होता, आठवतंय मला. कपाटात असेल तर त्याचा फोटो उद्या सकाळी पाठव. नाव खोडून पाठव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बंड्या