वरच्या मजल्यावरच्या काकांना, ड्रायर सुरू झाल्याबद्दल

काका, शिरसाष्टांग नमस्कार.

परवा दारात आभार मानायला लागले तर "हां हां, पुरे" म्हणत तुम्ही अर्धा जिना चढूनसुद्धा गेलात. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. सूनबाई वाचून दाखवतीलच, तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

चिपळूणचा जुलै कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. आठ दिवस उन्हाचं तोंड दिसलेलं नाही, घरभर वलण्या, पोरांचे गणवेश इस्त्रीखाली वाळवायचे, आणि नेमका तेव्हाच आमच्या सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर रुसला. धुवायची बाजू ठणठणीत. ड्रायरचा टायमर फिरवला की नुसतं ‘हूंऽऽ’, आणि टब ढिम्म. मेकॅनिकला बोलावलं. त्याने वरचं झाकण उघडलं, वास घेतला, "मोटर जळली, २,८०० लागतील" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. मागचं पॅनेल खोललंसुद्धा नाही. मीही हो म्हणायच्या बेतात होते. खोटं कशाला सांगू, नव्या मशीनचे हप्ते बघून ठेवले होते.

तुम्ही दूध आणायला उतरलात, सासूबाई चादर पिळताना दिसल्या, आणि दुधाची पिशवी आमच्या खुर्चीवर ठेवून तुम्ही विचारलंत, "आवाज येतो की येतच नाही?"

मला तेव्हा तो प्रश्न बिनकामाचा वाटला होता. आवाजच नसता तर झाकणाचा स्विच, टायमर, वायर असं एकेक बघत जावं लागलं असतं. आवाज येतोय म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचतेय, मग त्या सगळ्यांच्या मागे लागायचं कारण नाही. अर्धं काम तुम्ही स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच संपवलंत.

मग प्लग काढला आणि मागचं पॅनेल उघडलं. तिथला ब्रेक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. वरचं झाकण उचललं की तार सैल होते आणि ब्रेकची पट्टी टबाखालच्या ड्रमला चिकटते, झाकण मिटलं की तार ताणून पट्टी सुटते. तुम्ही मला झाकण उघड-मीट करायला लावलंत आणि खालचा ड्रम हाताने फिरवून बघितलात. मोकळा. टब आणि बाहेरच्या पिंपामध्ये रुमाल, मोजा काही अडकलेला नाही ना, तेही बॅटरी मारून पाहिलंत. नव्हता. पाणीही साचलेलं नव्हतं.

मोटर जळलीय की नाही ते मात्र तुम्ही नाकाने नाही ठरवलंत. मीटर लावलात. मोटरच्या तीन वायरी, दोन-दोन धरून रोधाचे (ओहमचे) तीन आकडे, आणि ते मला कागदावर लिहायला सांगितलेत. "लहान दोघांची बेरीज कर." ती तिसऱ्याइतकी भरली. "कॉइल शाबूत आहे गो. वास येणारच, बिचारी जागच्या जागी तापतेय." त्या क्षणी माझे २,८०० वाचले, पण मला ते कळलं नव्हतं. मी बेरीज चुकली का बघत होते.

नंतरचा प्रकार पोरं अजून शाळेत सांगतायत. प्लग लावून, झाकण मिटून, तुम्ही सुक्या बांबूच्या काठीने ड्रमला जरा टोचलंत आणि टब फिरायला लागला! बंद करून उलट्या बाजूने टोचलंत, तर उलटा फिरला. "बघ, ढकलू तिकडे जाते. दिशा द्यायला कपॅसिटर असतो, तो मेलाय." आणि लगेच माझ्याकडे वळून, "हे तू करायचं नाहीस. कधीच." नाही करणार, काका. लिहून देते.

पुन्हा प्लग काढलात, पण कपॅसिटरला हात लावू दिला नाहीत. आधी होल्डरला दोन वायरी जोडलेला तुमचा तो बल्ब त्याच्या दोन टोकांना टेकवलात. प्लग काढला तरी याच्या पोटात वीज राहू शकते, म्हणालात. काढून हातात घेतला तर चांगला फुगलेला, पोळीसारखा. वर लिहिलेलं ५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. "हाच आकडा आण. दुकानदार दहाचा देईल, तो धुवायच्या बाजूचा." दुकानदाराने खरंच दहाचाच पुढे केला हो! बदलून घेतला. सव्वाशे रुपये.

आणि वायरी तुम्ही मला जोडायला लावल्यात, स्वतः खुर्चीवर बसून. तोवर दूध तापवायला उशीर झाला म्हणून काकूंची वरून हाक आली ती वेगळीच. त्यांची माफी मी मागितलीय.

या घरात आल्या आल्या आम्ही मशीनसाठी चिऱ्याचा ओटा बांधला. जुन्या घरातलं मशीन २२ जुलै २०२१च्या पुरात वाशिष्ठीच्या चिखलाने भरलं होतं. त्या ओट्याचा एक कोपरा खाली गेलाय हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जाता जाता तुम्ही जुन्या चपलेचा तुकडा कापून त्या पायाखाली सारलात. सासूबाईंनाही समज दिलीत: कपडे टबात चारी बाजूंनी सारखे दाबायचे आणि वर जाळीची ताटली ठेवायचीच. ती ताटली तीन वर्षं आमच्याकडे लसूण सुकवायला होती. आता परत मशीनमध्ये गेली.

पैसे विचारले तर तुम्ही म्हणालात, एसटीच्या वर्कशॉपात ३० वर्षं इंजिनांनी हात काळे केले, हे तर खेळणं आहे. असेल. आमच्या घरात त्या खेळण्यावर सहा माणसांचे कपडे चालतात.

तुमचा बल्ब आमच्या खिडकीत राहिलाय. न्यायला याल तेव्हा सकाळी या, घावणे असतात. आणि काकूंना सांगून या.

तुमची,
तळमजल्यावरची