मन्याला पत्र, ट्रॅकवरून

प्रिय मन्या,

तब्येत ठीक, आईचं बीपी आटोक्यात आहे. लिहायला बसलो कारण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

यंदा युवा महोत्सवासाठी कॉलेजच्या पोरांचं माइम म्हणजे मूकनाट्य बसवतोय, सहा जणं, पाच मिनिटं, विहिरीवर पाणी भरणारी मुलगी. पोरं म्हणाली, सर आधी आवाजाचा ट्रॅक रेकॉर्ड करून घेऊ. म्हणजे रहाटाचा आवाज ट्रॅकवर, रडणं ट्रॅकवर आणि शेवटी भारदस्त आवाजात 'पाणी वाचवा'. अरे मग त्या पोरीने करायचं काय? मी ट्रॅक बंद केला आणि तिला नुसता दोर ओढायला लावला. ओढला, पण बादली रिकामी. म्हटलं हात राहू दे, आधी पाय रोव, कंबर मागे टाक, मूठ हवेत एकाच जागी धर आणि अंग मुठीकडे ने. चारपाचदा केलं आणि बादली भरली रे! मागे बसलेला पोरगा पटकन 'सांडेल' म्हणाला. अंगावर काटा आला माझ्या.

आणि आमचे एक सहकारी म्हणतात, ट्रॅक नसेल तर परीक्षकांना अर्थ कसा कळणार. तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. अर्थ म्हणजे काय शेवटची घोषणा? त्या पोराला बादली दिसली तोच अर्थ ना? फ्रेंच मूकनट मार्सोचा तो मुखवटेवाला आठव, हसरा मुखवटा तोंडाला चिकटतो, निघता निघत नाही, चेहरा हसतोय आणि खालचं सगळं अंग रडतंय. त्याला कुठला ट्रॅक लावणार? मार्सोचे वडील ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत मारले गेलेले, युद्धात ह्यानेच ज्यू पोरांना गप्प ठेवत स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत नेलेलं, आणि 1947 मध्ये टोपीत लाल फूल खोचून बिप नावाचा आपला विदूषक उभा केला. तू म्हणायचास मार्सो गोडगोड करतो, खरा त्याचा गुरू देक्रू, चेहरा सोडा, मानेखालचं धड बोललं पाहिजे. त्या भांडणात मी अजून मार्सोकडेच आहे हां, पण पोरीला दोर शिकवताना देक्रूच कामाला आला, तेवढं श्रेय घे.

ट्रॅकशिवायच उतरवायचं म्हणतोय. पण हट्ट माझा आणि बक्षीस जाणार पोरांचं, त्यांचं शेवटचं वर्ष आहे. झोप लागत नाही ह्याने. तू काय केलं असतंस?

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार सांग, चिमीची दहावी ना यंदा? एखाद्या रविवारी तालमीला ये, दोर तुझ्यासारखा कुणालाच जमायचा नाही, पोरांना एकदा बघू दे.

तुझा,
बापू