चपला काढून बस

कराड

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू मीनलच्या कॅन्सरबद्दल वीस मिनिटं बोललास, त्यातली अठरा मिनिटं मेडिक्लेमची. फोन ठेवल्यावर तुझ्या आईने विचारलं, "सून कशी आहे आपली?" मी म्हणालो, "कॅशलेस मंजूर झालंय." ती माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि कणीक मळायला निघून गेली.

रात्री जेवणं झाल्यावर ती जे बोलली ते मी वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तेच तुला कळवायचंय. फोनवर आपण बापलेक असलं बोलत नाही, म्हणून लिहितोय.

२००४ साली तू हॉस्टेलवर होतास. पाडव्याच्या सुमाराला आईला स्तनात गाठ लागली. इथल्या एका डॉक्टरांनी चाचपून सांगितलं, चरबीची आहे, दुखत नाही ना, मग सोडून द्या. दुखत नव्हतीच. असल्या गाठी बहुतेकदा दुखत नाहीत, हे आम्हाला कोण सांगणार? चार महिने गेले. ऑगस्टात टाटाला ऑपरेशन झालं, त्यानंतर दर एकवीस दिवसांनी एक अशा सहा किमो. रात्रीच्या गाडीने निघायचं, पहाटे परळ डेपोत उतरायचं आणि हातात फाईल घेऊन चालत टाटा. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. मी एसटीतला कंट्रोलर, गाड्यांच्या वेळा लावण्यात माझी हयात गेली. आईचं आजारपणही मी तसंच लावलं. कोणत्या खिडकीवर कधी गर्दी नसते, रक्ताचा रिपोर्ट किती वाजता मिळतो, कोणत्या शिपायाला काय विचारायचं, सगळं पाठ. धर्मशाळेतले लोक माझ्याकडे सल्ला मागायला यायचे. मला त्याचा अभिमान होता, अजूनही थोडा आहे.

परवा रात्री आई म्हणाली, "तुम्ही धावपळ फार केलीत. पण दुखतंय म्हटलं की तुम्ही चपला घालायचात. म्हणून मग मी सांगायचंच सोडून दिलं."

मी म्हटलं, औषध आणायला नको का?

"आणायचं. पण आधी जरा बसायचं."

आणि मग तिने ड्रेसिंगचा दिवस काढला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा पट्टी सोडायची होती. सिस्टर पडदा ओढत म्हणाली, "मिस्टर थांबणार का आत?" मी म्हणालो, "मी चहा घेऊन येतो." अरे, चहा कुणाला हवा होता? मी खाली उतरलो, टपरीवर उभा राहिलो, एक पिऊन झाल्यावर दुसरा घेतला. वर आलो तेव्हा नवी पट्टी बांधून झाली होती. ज्या जागी स्तन होता ती जागा तिने पहिल्यांदा पाहिली तेव्हा शेजारी कोण होतं, तर नाव माहीत नसलेली सिस्टर.

तेव्हाची माझी डायरी माळ्यावरून काढली. त्या तारखेला लिहिलंय: "ड्रेन ४५ मिली. ताप नाही. ड्रेसिंग सोडले. टाके ठीक." टाके ठीक! मी पाहिलेही नव्हते रे. सिस्टरला विचारून लिहिलं होतं. पूर्ण डायरी चाळली. जखमेतलं पाणी ड्रेनच्या नळीतून बाटलीत किती उतरलं त्याचे मिलीलीटर आहेत, हिमोग्लोबिन आहे, परतीची गाडी ४० मिनिटं उशिरा सुटल्याची नोंदसुद्धा आहे. ती रडली, हसली, घाबरली, असं एका पानावर नाही.

घाबरली तर होतीच. पहिल्या किमोच्या संध्याकाळी लघवी लाल झाली. तिला वाटलं आतून रक्त जातंय. ते औषधच लाल असतं, सलाईनमधून जाताना सरबतासारखं दिसतं, आणि एकदोन दिवस लघवीला तोच रंग येतो. हे तिला कुणी सांगितलं? शेजारच्या खाटेवरच्या जळगावच्या बाईने. मी चार हातांवर बसून बिलं लावत होतो. मला तिने विचारलंच नाही, कारण मी लगेच डॉक्टर शोधायला पळालो असतो.

आता मीनलचं. तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला रिपोर्ट मी दोनदा वाचला. "हर-टू पॉझिटिव्ह" हे शब्द ऐकून आई म्हणाली, "चला, पॉझिटिव्ह आहे ना, बरं झालं." मला हसू आलं, पण तिचं अगदीच चुकलं नाही. गाठीचा हा प्रकार वाढतो भराभर, पण त्याच्यावर नेमकं लागू पडणारं औषध आहे. आपल्या वेळेला त्या इंजेक्शनचं नाव काढायची सोय नव्हती, माझा वर्षाचा पगार एकदोन डोसांत गेला असता. २०१४ पासून ते भारतात बनवलेलंही मिळायला लागलं आणि किंमत उतरली. तरी ते दर तीन आठवड्यांनी वर्षभर चालतं. हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून अधूनमधून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. तो चुकवू नका.

नातेवाईक तुला विचारतील, आधी ऑपरेशन का नाही? अंगात गाठ ठेवून सलाईन कसली लावताय? मामाने मला विचारलंच. अशा गाठीत आता बऱ्याचदा आधी किमो देतात. गाठ लहान झाली तर स्तन वाचू शकतो, आणि औषध चालतंय की नाही हे डोळ्यांसमोर कळतं. मामाला मी एवढं सांगितलं. तो पुढे कुठल्याशा वैद्याच्या पाल्यावर आला, पंधरा दिवसांत गाठ विरघळते म्हणे. मी म्हटलं, विरघळली तर त्यांना टाटाच्या दारात दुकान टाकायला सांग. काहीही रस, काढा, पाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीनलच्या पोटात जाऊ देऊ नकोस. किमोत यकृतावर आधीच भार असतो. आणि नाही म्हणायचं काम तुझं. तिला वाईटपणा घ्यायला लावू नकोस.

तापाचं मात्र अक्षरशः पाळ. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात, संसर्ग पटकन होतो. घरात दोन थर्मामीटर ठेवा, एकाचा सेल नेमका रात्री संपतो. १००.४ दिसलं की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं. तुझ्या आईला तिसऱ्या किमोनंतर दहाव्या दिवशी ताप आला. दसरा नुकताच झाला होता. ती म्हणाली, सकाळी बघू. मी क्रोसिन दिली, ताप उतरला, आम्ही झोपलो. सकाळी तिला उठता येईना. पाच दिवस सलाईनवर होती. क्रोसिनने ताप झाकला जातो आणि आत काय चाललंय ते चालूच राहतं. या एका ठिकाणी चपला घालायला क्षणभरही उशीर करू नकोस.

केस पहिल्या किमोनंतर दोनतीन आठवड्यांत जायला लागतील. उशीवर, जेवणाच्या ताटात, मोरीच्या जाळीत. आधीच बारीक करायचे की जातील तसे जाऊ द्यायचे, हे तिचं ती ठरवेल. आईने मी ड्युटीवर गेल्यावर शेजारच्या काकूंकडून कापून घेतले होते. संध्याकाळी आलो तर डोक्याला रुमाल. मी म्हटलं, "बरं केलंस, त्रास वाचला." यापेक्षा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

पुढचं लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. बापाने लिहावं असं नाही, पण दुसरं कोण सांगणार? ऑपरेशननंतर घरी आल्यावर मी माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. तिच्या हाताला झोपेत धक्का लागू नये, एवढंच मनात होतं. आठ महिने मी बाहेर झोपलो. परवा कळलं की त्या आठ महिन्यांत ती काय समजत होती. मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" म्हणाली, "काय बोलणार? परत आत या म्हणू?" बस्स, एवढंच. तुला समजतंय.

त्याच खात्यातलं आणखी एक. मीनल अडतिसाची आहे. किमोने पाळी थांबू शकते, काहींची परत सुरू होते, काहींची नाही. तुम्हाला दुसरं मूल हवं-नको हा तुमचा प्रश्न आहे, मला उत्तर कळवायची गरज नाही. पण बीजांडं राखून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारायचं असेल तर पहिल्या किमोच्या आधी विचारा. नंतर विचारून फारसा उपयोग नसतो. आणि तिच्या मावशीलाही हाच आजार होता, हे त्यांना सांगितलंत का? जनुकांची तपासणी करायला सांगतील कदाचित.

ओवीला अजून काही सांगितलं नाही म्हणालास. आठ वर्षांची आहे, घाबरेल म्हणालास. २००४ च्या दिवाळीत तू घरी आलास तेव्हा आईच्या डोक्यावर पदर होता आणि आम्ही तुला सांगितलं होतं की टायफॉईडने केस गेले. तू एकवीस वर्षांचा होतास! आम्हाला वाटलं, परीक्षा आहे, पोराचं लक्ष उडेल. जानेवारीत एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी तुला विचारलं, "आईचं ऑपरेशन झालं ते बरं आहे का आता?" त्यानंतर तू माझ्याशी दोन महिने बोलला नाहीस. मी कधी माफी मागितली नाही, बापाने मागायची असते हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आता मागतो. ओवीला आजाराचं नाव सांग. तो शिवल्याने होत नाही हे सांग, तिच्या हट्टामुळे किंवा चुकीमुळे झालेला नाही हेही सांग. आईचे केस जातील आणि पुन्हा येतील, आणि शाळेतून आणायला कोण येणार. लहान मुलांना बहुतेक शेवटचंच आधी हवं असतं.

पैशाचं एका ओळीत. ओगलेवाडीचा अडीच गुंठे तुकडा आहे, लागला तर विकू, मागेपुढे पाहू नकोस. आपल्या वेळेला पीएफ आणि पतसंस्थेवर निभावलं, तुझं त्यापेक्षा बरं आहे.

तूही जेवत जा. रोज अर्धा तास बाहेर चाल, हवं तर गाडीत बसून रड. माझ्यासारखा मुतारीत तोंड धुवत बसू नकोस. हे तुझ्या आईलाही माहीत नव्हतं, आता पत्र वाचून दाखवलं तेव्हा कळलं.

तिने ऐकलं आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, चहा दोन नव्हे, तीन झाले असतील, कारण मी चाळीस मिनिटं गायब होतो. दुसरं, "सगळंच वाईट लिहू नका, ड्रेनची बाटली लपवायला तुम्ही मला शबनम शिवून आणलीत तेही लिहा." लिहिलं. निळ्या कापडाची होती. डेपोसमोरच्या शिंप्याला माप द्यायला मी ड्रेनची बाटली कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवली होती. तिने ती अजून ठेवलीय, त्यात आता इस्त्रीच्या बिलांच्या पावत्या असतात.

गुरुवारच्या किमोला आम्ही दोघं येतोय. आई घर आणि ओवीला बघेल. मी तुमच्याबरोबर हॉस्पिटलात येतो. फाईल, कार्ड, पार्किंगची पावती, सगळं माझ्याकडे दे. खिडकीवर मी उभा राहतो, ते मला जमतं. तू आत जा आणि सलाईन संपेपर्यंत तिथंच बस. ती बोलली तर ऐक, झोपली तर झोपू दे. मोबाईलही माझ्याकडेच दे.

बुधवारी सकाळच्या साडेसातच्या गाडीने निघतो. वेळापत्रकाप्रमाणे स्वारगेट अकरा, पण कात्रजला अडकणार, तेव्हा साडेअकरा धर. घ्यायला येऊ नकोस, रिक्षा करतो.

मीनलला आशीर्वाद, ओवीला गोड पापा.

तुझा,
बाबा