अणुकेंद्राजवळचा तलाव आणि पोहणे

महोदय,

उन्हाळ्यात मुलांकडे व्हर्जिनियाला येणारे आपले आजी-आजोबा लेक अ‍ॅनावर गेले, की समोर अणुऊर्जा केंद्र पाहून नातवंडांना पाण्यात उतरू देत नाहीत. काळजी समजते, पण ती भलत्याच गोष्टीची आहे. हा तलाव नॉर्थ अ‍ॅना केंद्राला थंड पाणी मिळावे म्हणूनच 1970च्या दशकाच्या सुरुवातीला धरण बांधून तयार केला. त्याचे पाणी कंडेन्सरच्या नळ्यांतून फिरून वाफ थंड करते आणि गरम होऊन परत येते. अणुभट्टीतले पाणी वेगळ्या, बंद नळ्यांत असते. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. केंद्रातून थोडे ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) तलावात जाते, हे नाकारू नये. पण त्यावर मर्यादा आहे, नमुने तपासले जातात आणि ट्रिटियमचे किरण कातडीही भेदू शकत नाहीत.

खरा उपद्रव जंतूंचा. मे 2024च्या अखेरच्या जोडसुट्टीत इथे पोहलेल्यांपैकी अनेकांना ई. कोलाय या जुलाब घडवणाऱ्या जंतूचा संसर्ग झाला. त्यात मुलेच जास्त होती, काहींना रुग्णालयात ठेवावे लागले. तलावाच्या वरच्या भागात उन्हाळ्यात विषारी शेवाळ वाढते, ते वेगळेच. त्याबद्दल राज्याचे आरोग्य खाते इशारे देते. ते मात्र कुणी वाचत नाही! पाऊस जोराचा झाला असेल तर दोन-तीन दिवस थांबावे, पाणी गिळू नये, नाकातून जंतू शिरू नयेत म्हणून गरम पाण्यात नाक मिटून ठेवावे आणि जुलाब होत असलेल्या मुलाला काठावरच बसवावे.

– एक वाचक, रिचमंड (व्हर्जिनिया)