गावठाणातील सामाईक जागांना संरक्षण हवे

माननीय संपादक,

इंग्लंडमधील लहान खेड्यात दुकान, सभागृह आणि पब ही माणसे भेटण्याची ठिकाणे असतात; त्यांतले एक बंद पडले तरी वृद्धांचे घराबाहेर पडणे कमी होते. २०११ च्या लोकॅलिझम कायद्यानुसार पॅरिश कौन्सिलला (तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेला) किंवा स्थानिक गटाला अशी वास्तू ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंदवण्याचा प्रस्ताव देता येतो आणि पुढे मालकाने ती विकायला काढल्यास, सहा आठवड्यांत इच्छा कळवणाऱ्या गावाला पैसे उभे करण्यासाठी एकूण सहा महिन्यांची मुदत मिळते. गावालाच विकण्याची सक्ती मालकावर नाही, हे खरे. तरीही अनेक गावांनी रहिवाशांकडून भांडवल जमवून दुकाने व पब वाचवले आहेत.

आमच्याकडे मात्र नवी मुंबईत १९९२ मध्ये महापालिका आली आणि आमच्या गावांतील ग्रामपंचायतींबरोबर ग्रामसभाही गेली. मासळी सुकवण्याची जागा किंवा होळीचे मैदान हातचे गेल्याचे आता भोवती पत्रे ठोकल्यावरच कळते. राज्य शासनाने अशा जागांची प्रभागनिहाय यादी करून कोणत्याही व्यवहाराआधी जाहीर सूचना बंधनकारक करावी.

– एक रहिवासी, घणसोली, नवी मुंबई